पाठ निरीक्षणाचा फॉर्म: शिक्षकाची जागा आधी ठरवा

गेल्या दोन भागांत आपण फी आणि हजेरी पाहिली. आज शाळेच्या सॉफ्टवेअरमधला असा भाग घेतोय, ज्याच्याकडे विकत घेताना कुणी बघत नाही आणि वापरायला लागल्यावर सगळ्यात जास्त कुरबुरी त्याच्यावरूनच होतात. कर्मचाऱ्यांच्या निरीक्षणाचे फॉर्म. पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक वर्गात मागच्या बाकावर बसतात, तास बघतात आणि काहीतरी लिहून ठेवतात, तो कागद.

मी राहतो ओव्यात. ओवे म्हणजे पनवेल तालुक्यातलं जुनं गाव, आता चारी बाजूंनी खारघरच्या इमारती, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिका. या पट्ट्यात मराठी शाळा आहेत, राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळा आहेत, सीबीएसईच्या आहेत. त्यामुळे माझ्याकडे येणारे नमुना फॉर्मही निरनिराळ्या तऱ्हेचे असतात. मराठी शाळेकडून येतं ते लॉगबुक. लांबट वही, तारीख, इयत्ता, विषय, घटक, खाली चार ओळींचा शेरा, त्याखाली सही. इंग्रजी शाळेकडून येते ती एक्सेल शीट. चाळीस ओळी आणि प्रत्येकीपुढे एक ते पाच.

दोघांचीही मागणी एकच असते. "सर, हे आहे तसं सॉफ्टवेअरमध्ये टाकून द्या." आणि इथेच थांबायला हवं. वहीतला शेरा वहीत राहतो, कपाटात राहतो, चार वर्षांनी वाळवी लागते. सॉफ्टवेअरमधला शेरा शोधता येतो, मोजता येतो, त्याची सरासरी निघते, आणि अध्यक्ष साहेबांच्या मोबाइलवर आलेख म्हणून दिसतो. तेच शब्द, पण त्यांचं वजन बदललं. ते वजन कुणाच्या डोक्यावर येतं? वर्गात उभ्या असलेल्या माणसाच्या.

थोडं कायद्याचं बोलतो, कारण फॉर्मची अर्धी रचना तिथून येते. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आहे, आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. शाळांमध्ये सगळे त्याला एमईपीएस म्हणतात. कायम जागेवर नेमलेला शिक्षक आधी दोन वर्षं परिविक्षेवर असतो. शिक्षण सेवक असेल तर तीन वर्षं. या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नाही असं व्यवस्थापनाला वाटलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याला कमी करता येतं. एक महिना! घरभाडं आणि गाडीचा हप्ता असलेल्या माणसासाठी ते किती होतात ते तुम्हीच बघा.

पण त्याच नियमावलीत दुसरी बाजूही आहे. परिविक्षेतल्या कर्मचाऱ्याच्या कामाचं मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा. त्याला त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं. आणि अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवलाच नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. हे शेवटचं वाक्य मी फॉर्म बनवण्याच्या प्रत्येक बैठकीत मोठ्याने सांगतो. नियम १५, घरी जाऊन वाचा. इतर मंडळांच्या शाळांनी आपल्याला काय लागू होतं ते वकिलाला विचारून घ्यावं.

म्हणजे फॉर्ममध्ये तीन गोष्टी पक्क्या हव्यात. शेरा कधी लिहिला, शिक्षकापर्यंत कधी पोचला, आणि शिक्षकाने काय म्हटलं. आता तुमच्या लॉगबुकचा नमुना काढून बघा. तारीख एकच असते आणि शिक्षकासाठी असते ती फक्त सहीची जागा. सही म्हणजे वाचलं, की मान्य केलं? विचारलंत तर स्टाफरूममध्ये दोन गट पडतील.

एक प्रसंग सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही, गावही नाही. राज्य मंडळाची शाळा, गणिताचे एक सर, परिविक्षेचं दुसरं वर्ष. फेब्रुवारी महिना. संस्थेने सॉफ्टवेअर नुकतंच घेतलेलं आणि निरीक्षणाचा फॉर्म मी बसवत होतो. कार्यालयातून फोन आला की जून ते जानेवारीची निरीक्षणं आता सिस्टिममध्ये टाकायची आहेत, तर मागच्या तारखा घालता येतील ना? येतील, म्हटलं. निरीक्षणाची तारीख हा साधा रकाना आहे, त्यात जूनची तारीख टाका. मग दुसरा प्रश्न आला. प्रिंटवर खाली 'नोंद केल्याची तारीख' म्हणून फेब्रुवारी छापून येते, ती काढता येईल का?

हा प्रश्न दरवेळी वाईट हेतूनेच येतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी क्लार्कला ते नुसतं विचित्र दिसतं, जूनच्या कागदावर फेब्रुवारी कशाला. पण इथे मी वही बघायला मागितली. वहीत त्या सरांच्या तासाचे शेरे होते, आणि बरे होते. टाचण व्यवस्थित, फळालेखन स्वच्छ, मुलांना प्रश्न विचारतात. टाकायच्या म्हणून जी यादी मला पाठवली होती तिच्यात मात्र वर्गनियंत्रणाबद्दलचे दोन जास्तीचे शेरे होते, जे वहीत कुठेच नव्हते.

मी दोन्ही तारखा प्रिंटवर ठेवल्या. मुख्याध्यापिका बाईंना एवढंच सांगितलं की जुन्या नोंदींसाठी 'वहीतून घेतलेली नोंद' असा एक चौकोन ठेवतो, त्यावर टिक केली की वहीच्या पानाचा फोटो जोडल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. बाई हुशार होत्या. त्यांनी यादीवर एक नजर टाकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो हवाच." ते दोन शेरे सिस्टिममध्ये आले नाहीत. कुणी कुणाला काही बोललं नाही. सर पुढच्या जूनमध्ये नववीच्या वर्गावर होते.

आता हे तांत्रिकदृष्ट्या कसं करायचं. उदाहरण म्हणून मी फ्रॅपे घेतो, कारण ते मुक्त स्रोत आहे, मुंबईतल्या कंपनीचं आहे, ईआरपीनेक्स्ट त्याच्यावरच उभं आहे आणि शिक्षणासाठी त्याचं वेगळं ॲपही आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर नावं बदलतील, प्रश्न तेच राहतील.

फ्रॅपेमध्ये नवीन फॉर्म म्हणजे नवीन डॉकटाइप. त्याला 'सबमिटेबल' करा. म्हणजे मसुदा, सबमिट, कॅन्सल अशा तीन अवस्था मिळतात. एकदा सबमिट केलं की मजकूर बंद. चूक सुधारायची असेल तर कॅन्सल करून अमेंड करायचं. जुना कागद कॅन्सल शिक्क्यासकट तिथेच राहतो आणि नवा त्याच क्रमांकापुढे '-१' लावून येतो. वहीत पान फाडता येतं, इथे फाटलेलं दिसतं. नोंद कुणी केली आणि कधी केली हे सिस्टिम स्वतः लिहिते, फॉर्मवरून ते बदलता येत नाही. 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवा, म्हणजे मसुद्यात काय बदललं तेही राहील. हां, ज्याच्याकडे थेट डेटाबेसचा पासवर्ड आहे तो काहीही बदलू शकतो. म्हणून तो पासवर्ड नेमका कुणाकडे आहे हे संस्थेने कागदावर लिहून ठेवावं. पुष्कळदा तो व्हेंडरच्या एखाद्या मुलाच्या व्हॉट्सॲपमध्ये असतो.

पुढचा मुद्दा परवानग्यांचा, आणि इथे जरा वेळ घालवूया. शिक्षकाला फक्त स्वतःचे फॉर्म दिसावेत. सरळ वाटतं. फ्रॅपेमध्ये 'यूजर परमिशन' लावता येते, या यूजरला हाच कर्मचारी दिसेल म्हणून. पण तुमच्या फॉर्ममध्ये कर्मचाऱ्याचे दोन रकाने आहेत: ज्याचा तास बघितला तो, आणि ज्याने बघितला तो. परमिशन दोन्ही रकान्यांना लागू होते. निरीक्षक म्हणून पर्यवेक्षकांचं नाव आहे, ते या यूजरला चालत नाही, म्हणून अख्खा फॉर्म गायब. शिक्षक म्हणतात, आम्हाला काही दिसत नाही. कार्यालय म्हणतं, आम्ही तर पाठवलं. आणि 'कळवलं' म्हणून सिस्टिममध्ये तारीख पडलेली असते! नियम १५ आठवा. उपाय एका टिकचा आहे. निरीक्षकाच्या रकान्यावर 'इग्नोर यूजर परमिशन्स' लावा. शिक्षक एकमेकांचे तास बघणार असतील तर मात्र हे पुरत नाही, कारण त्याच परमिशनमुळे त्यांना सहकाऱ्याचं नावच निवडता येणार नाही. तिथे थोडा कोड लिहावा लागतो, आणि तो लिहून घ्या.

शिक्षकाच्या उत्तरासाठी त्याच फॉर्ममध्ये खाली एक रकाना द्यावा असं पहिल्यांदा सुचतं. मी तसं देत नाही. सबमिट झालेल्या फॉर्ममध्ये शिक्षकाला लिहू द्यायचं म्हणजे त्याला त्या फॉर्मवर सबमिटचा हक्कही द्यावा लागतो, आणि तो द्यायला कोणतीही शाळा तयार नसते, बरोबरच आहे. मग होतं काय, की शिक्षकाने तोंडी सांगायचं आणि क्लार्कने टाइप करायचं. म्हणून 'प्रतिसाद' असा वेगळा छोटा डॉकटाइप करा, मूळ निरीक्षणाला लिंक केलेला. तो शिक्षक स्वतःच्या लॉगिनने भरतो, स्वतः सबमिट करतो, त्यावर त्याचं नाव आणि त्याची वेळ. प्रिंट काढताना दोन्ही एकाच कागदावर आणा. निरीक्षण पुढच्या पानावर आणि प्रतिसाद फाइलमध्ये, असं नको.

प्रतिसादात तीनच पर्याय ठेवतो. 'वाचले', 'वाचले आणि मान्य आहे', 'वाचले, माझे म्हणणे पुढीलप्रमाणे'. त्या सहीच्या जुन्या वादावर एवढ्याने पडदा पडतो. इथून खरं तर सुरुवात करायची. बैठकीत मी पहिल्यांदा प्रतिसादाचा फॉर्म दाखवतो आणि मगच निरीक्षणाचा. संस्थाचालकांच्या कपाळावर आठी पडते, पण फॉर्मची लांबी आपोआप कमी होते. समोरचा माणूस उत्तर देणार आहे हे कळलं की 'वर्गनियंत्रण कमी' असं लिहायला हात थबकतो. मग लिहिलं जातं की 'तासाच्या बाराव्या मिनिटाला सर फळ्यावर आकृती काढत असताना मागच्या दोन बाकांवरचे चौघे बोलत होते.' याला उत्तर देता येतं. सर म्हणू शकतात की त्या चौघांपैकी दोघांना मीच वजाबाकी समजावायला सांगितली होती.

म्हणून निरीक्षणाच्या फॉर्ममध्ये 'काय दिसले' आणि 'मला काय वाटले' असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि पहिला भरल्याशिवाय दुसरा उघडू नये. फ्रॅपेमध्ये 'डिपेंड्स ऑन' ने ते होतं. बाकी कुठलाही मोठा रकाना सक्तीचा करू नका. 'सुधारणेसाठी सूचना' सक्तीचा केला की लोक पूर्णविराम टाकून पुढे जातात. मी असे फॉर्म बघितलेत, ओळीने नुसते पूर्णविराम.

आता ते एक ते पाच. ताऱ्यांचा रकाना फ्रॅपेमध्ये तयार मिळतो, दिसायला छान, म्हणून सगळ्यांना हवा असतो. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. शाळेत सहसा कुणी कुणाला दोन तारे देत नाही. उद्या स्टाफरूममध्ये एकत्र डबा खायचा असतो. सगळे चार. मग ज्याला तीन मिळाले तो वाईट ठरतो आणि ३.८ विरुद्ध ४.१ अशी तुलना सुरू होते, जिला काही अर्थ नसतो. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड नावाची शाळा तपासणारी सरकारी यंत्रणा आहे. तिचे तपासनीस एकेका तासाला श्रेणी द्यायचे. २०१४ मध्ये त्यांनी ते बंद केलं. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनच्या पैशाने शिक्षकांच्या मूल्यमापनाचा एक मोठा अभ्यास झाला, एमईटी नावाचा. त्यातही हेच पुढे आलं की एकाच माणसाने एकदाच बघून दिलेल्या गुणांवर भरवसा ठेवता येत नाही, वेगवेगळ्या निरीक्षकांनी वेगवेगळे तास बघायला हवेत. आपल्याकडे वर्षात दोन निरीक्षणं झाली तरी पुष्कळ, तीही एकाच पर्यवेक्षकांची. त्याच्यावर दशांश चिन्हापर्यंत सरासरी काढायची?

ज्यांना आकडा हवाच आहे त्यांना मी मोजता येणारं मोजा म्हणतो. किती मुलांना प्रश्न विचारला, त्यात मुली किती, मुलं स्वतः किती मिनिटं काम करत होती. हे आकडे तासाबद्दल काहीतरी सांगतात आणि दोन माणसं मागे बसली तर दोघांचे साधारण सारखे येतात.

सगळ्यात मोठा निर्णय सॉफ्टवेअरमधला नाहीच. हे निरीक्षण शिक्षकाला मदत करायला आहे की त्याच्या नोकरीचा निर्णय घ्यायला, हे संस्थेने आधी ठरवायचं. दोन्ही कामं लागतात, मी नाही म्हणत नाही. पण एकाच फॉर्मवर दोन्ही करायला गेलं की शिक्षक निरीक्षणाच्या दिवशी आधी शिकवून झालेला धडा परत शिकवतो आणि मुलंही शहाणी, पटापट हात वर करतात. मी दोन डॉकटाइप करतो. 'पाठ भेट' आणि 'मूल्यमापन नोंद'. पाठ भेट पर्यवेक्षक आणि शिक्षक यांच्यातच राहते, ती संस्थाचालकांच्या रोलला दिसत नाही, तिचा रिपोर्ट निघत नाही, एक्स्पोर्टची परवानगी कुणालाच नाही. मूल्यमापन नोंद वर्षातून ठरलेल्या वेळी, आधी तारीख सांगून, प्रतिसादासकट. पाठ भेटीतलं वाक्य मूल्यमापनात घ्यायचं असेल तर ते नव्याने लिहावं लागतं, कॉपीचं बटण दिलेलं नाही. एका संस्थेच्या खजिनदारांनी मला विचारलं, पैसे आम्ही देतो आणि आम्हालाच दिसत नाही? हो, म्हटलं, तुम्हाला मूल्यमापन दिसतं, निर्णय त्यावरच घ्यायचा आहे. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. असो.

काही बारीकसारीक गोष्टी पटकन. ईमेल सूचनेत शेऱ्याचा मजकूर पाठवू नका, 'आपल्यासाठी एक नोंद आली आहे' एवढंच. बऱ्याच शिक्षकांचा ईमेल घरातल्या मुलाच्या फोनवर उघडलेला असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही काळजी घ्यायलाच हवी. फॉर्मची लेबलं मराठी शाळेत मराठीतच ठेवा. जुना नमुना वर्डमधून उचलणार असाल तर आधी बघा तो श्रीलिपीत आहे की युनिकोडमध्ये, नाहीतर पेस्ट केल्यावर नुसती अक्षरांची खिचडी येईल. वर्गात नेटवर्क नसतं, आणि फ्रॅपे ऑफलाइन चालत नाही, तेव्हा पर्यवेक्षकांना तासाला कागदावर लिहू द्या आणि त्याच दिवशी सिस्टिममध्ये टाकायला सांगा. टॅबलेट घेऊन मागे बसलेल्या माणसाकडे मुलं वळून वळून बघतात, ते वेगळंच.

शिपाई, क्लार्क, बसमधल्या ताई यांच्यासाठी शिक्षकांचाच फॉर्म 'लागू नाही' करत करत वापरू नका. बसमधल्या ताईंच्या कामात बघायचं काय? मुलं मोजून चढवली का, दार लागल्यावर बस सुटली का, शेवटचं मूल कुणाच्या हातात दिलं. चार ओळी. त्यांचा प्रतिसाद आवाजात रेकॉर्ड करून फाइल जोडायची सोय ठेवा. टाइप करता येत नाही म्हणून त्यांचं म्हणणं नोंदलं जाणार नाही, असं व्हायला नको.

आणि फॉर्म चालू करण्याआधी एक चाचणी. ॲडमिनच्या लॉगिनने सगळं नेहमी नीटच दिसतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. परिविक्षेतल्या एखाद्या शिक्षकाच्या नावाने चाचणीचं खातं उघडा, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर. खोटं निरीक्षण सबमिट करा. ते त्या खात्यात दिसतं का बघा, दुसऱ्याचं दिसत नाही ना तेही बघा, प्रतिसाद लिहा, सबमिट करा, आणि कार्यालयात जाऊन क्लार्कला प्रिंट काढायला सांगा. दोन्ही तारखा आणि प्रतिसाद एकाच कागदावर आले की चालू करा. पुढच्या भागात शालार्थ आणि पगाराच्या नोंदी घेऊया, त्यावर तुमचे प्रश्न पाठवून ठेवा.